मुठीत न गोठलेलं रक्त

१

जयवंत परबचं रक्त माझ्या मुठीत होतं आणि ते गोठायला तयार नव्हतं.

ही आमची जुनी पद्धत. काढलेलं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, अंगाची ऊब मिळावी म्हणून नळी मुठीत धरायची आणि दर अर्ध्या मिनिटाने हलकेच तिरकी करून बघायची. धडधाकट माणसाचं रक्त पाच ते दहा मिनिटांत घट्ट होतं. मग नळी उलटी केली तरी थेंब सांडत नाही. परळच्या एका इस्पितळाच्या रक्ततपासणी खोलीत मी तेव्हा बारा वर्षं काढली होती. हजारो माणसं माझ्या मुठीतून गेलीत, असं मी गमतीने म्हणायचे. त्या सकाळी मात्र गंमत सुचली नाही.

साल ब्याऐंशी, नोव्हेंबर संपत आलेला. गिरणी संपाला दहा महिने होऊन गेले होते. जयवंतला चाळीतल्या चौघांनी झोळीत घालून आणला होता. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, आणि शुद्ध हरपलेली. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी एक थप्पड मारली आणि तो गॅलरीच्या कठड्यावर आपटला, एवढंच मला कळलं होतं.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. नळी तिरकी केली की रक्त काचेवरून सरळ धावायचं. खोलीत मी एकटीच होते. हे रक्त कुठेतरी जायला निघालंय, असं उगाच मनात आलं. अशा विचारांचा मला राग येतो. मी घड्याळाकडे बघत राहिले.

बाविसाव्या मिनिटाला वॉर्डमधून फोन आला. पेशंट गेला होता.

नळी मी खाली ठेवली नाही. बेचाळिसाव्या मिनिटाला तळाशी एक सैल, नाखूष गोळा दिसला. जयवंत गेल्यावरही त्याचं रक्त वीस मिनिटं माझ्या मुठीत वाहत होतं.

तेवढ्यात दार ढकलून फौजदार खानविलकर आत आले. "लतिकाबाई, त्या परबचा रिपोर्ट लवकर द्या," ते म्हणाले. "खुनाची केस आहे. मारणारा कोठडीत आहे, आणि कबूलही झालाय."

२

मारणाऱ्याचं नाव उत्तम शेलार. जयवंतच्याच मिलमध्ये लूमवर काम करणारा, त्याच चाळीत राहणारा, त्याचा जिवाचा दोस्त. बायकामुलांना त्याने संपाच्या तिसऱ्या महिन्यात गावी धाडलं होतं. जयवंत लपूनछपून मिलमध्ये जातो, संप फोडतो, अशी कुजबुज दसऱ्यापासून होती. उत्तमने भर गॅलरीत विचारलं, "गेला होतास का मिलमध्ये?" जयवंत म्हणाला, "गेलो होतो." उत्तमने थप्पड मारली. साक्षीदार अख्खी चाळ.

"उद्या त्याची रिमांड मिळेल," खानविलकर म्हणाले. "मागे आणखी कोण आहेत ते काढायचंय. दोन पट्टे बसले की बोलेल."

"खानविलकर, एका थपडेने माणसाचं रक्त पाणी होत नाही. मला आजचा दिवस द्या."

"कशाला?"

"चौघं बेपत्ता आहेत. त्यांना शोधायला."

मग मी त्यांना सरळ शब्दांत सांगितलं. रक्त गोठवणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. डझनभर प्रथिनं त्यात राबतात. एकाने दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यांना आम्ही नंबरांनी ओळखतो, गिरणीतल्या बिल्ल्यांसारखे. एखादा नंबर जन्मापासूनच नसला तर त्या माणसाला लहानपणापासून रक्तस्राव होतो. जयवंत चाळीस वर्षांचा होता आणि दाढी करताना कापलं तरी तुरटी फिरवून कामावर जाणारा माणूस होता.

मी त्याच्या रक्तातला पिवळा द्रव वेगळा केला आणि स्टॉपवॉच लावलं. जे चौदा सेकंदांत व्हायला हवं, त्याला दोन मिनिटं लागली. मग त्यात निम्मा माझा स्वतःचा द्रव मिसळला. सोळा सेकंद! म्हणजे त्याच्या रक्तात कुणी गोठणं अडवत नव्हतं. कामकरीच गैरहजर होते. पुढची युक्ती जुनी आहे. माझा द्रव बेरियमच्या भुकटीने घुसळला की ती भुकटी नेमके चार नंबर उचलून नेते: दोन, सात, नऊ आणि दहा. असा चौघांविना उरलेला द्रव जयवंतच्या द्रवात घातला. काडीचा फरक पडला नाही. आणखी दोन मिश्रणं करून खात्री करून घेतली. गैरहजर होते ते हेच चौघं.

"आणि चौघं एकदम कसे गेले?" खानविलकरांनी विचारलं. त्यांना आता रस वाटू लागला होता.

"चौघांचा मालक एकच. ते यकृतात तयार होतात आणि तयार होताना त्यांना के जीवनसत्त्व लागतं. यकृत बिघडावं तर डोळे पिवळे नाहीत, बाकीच्या तपासण्या ठीक आहेत. उपासमार म्हणाल तर उपासमारीने ते हळूहळू रोडावतात, असे नाहीसे होत नाहीत. उरतं एकच. उंदराचं औषध. ते के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतं. चव नाही, वास नाही. आणि एका घासाने काही होत नाही; रोज थोडं थोडं, आठ-दहा दिवस पोटात जावं लागतं."

खानविलकरांनी टोपी उचलली. "रोज जेवायला कोण घालतं? बायको. म्हणजे आता दोघांना धरायचं."

बोलून मीच पायावर धोंडा पाडून घेतला होता. उत्तमला सोडवायला निघाले आणि नवऱ्याला मातीही दिली नव्हती अशा बाईच्या दारात पोलीस पोचवले. "उद्या सकाळपर्यंत थांबा," मी म्हणाले. "चाळीत मी जाते. बायका माझ्याशी बोलतील."

३

चिंचपोकळीची ती चाळ मिलच्या मागच्या भिंतीला लागून होती. भर दुपारी मी गल्लीत शिरले आणि थबकले. एरवी या गल्लीत मिलची घरघर पायाखाली जाणवायची, बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. आता सगळं इतकं शांत की माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला. भिंतीकडेच्या गटारापाशी, लख्ख उन्हात, तीन उंदीर मरून पडले होते. तिघांच्याही नाकाशी रक्त. एक मांजर जवळ आलं, हुंगलं आणि पाठ फिरवून गेलं.

"दिवाळीपासून असेच येऊन मरतात," पायरीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला. "पाण्याला येतात. चाळीला काहीतरी लागलंय, बाई."

जयवंतची बायको मंजुळा खोलीत भिंतीला टेकून बसली होती. रडून संपली होती. मी इस्पितळातली आहे म्हटल्यावर तिने आधी विचारलं, "तेंका लय त्रास झालो काय?"

"नाही. शुद्ध नव्हती," मी म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

मग विचारलं, घरात उंदराचं औषध आहे का? तिने मान हलवली. "औषध आणूक पैसे खय आसत, बाय? आणि एकाच तव्यावरची भाकरी. ते खायत, मी खाय. माका काय झाला?"

हेच मला छळत होतं. तिच्या हिरड्या पाहिल्या, पापण्या ओढून पाहिल्या. बाई अशक्त होती, पण रक्त कुठे नव्हतं. एकाच तव्यावरचं खाऊन एक मरतो आणि एक जगतो, हे फौजदाराच्या कानावर गेलं असतं तर हिचं काही खरं नव्हतं.

"काल रात्री काय जेवलात? खरं सांगा."

ती ओशाळली. दादरच्या भाजीबाजारात संध्याकाळी व्यापारी पाला फेकतात: मुळ्याचा, फ्लॉवरचा, मेथीच्या काड्या. चाळीतल्या बायका तो गोळा करून आणत. भाकऱ्या मोजक्याच व्हायच्या. त्या पुरुषाच्या ताटात. आपण पाला उकडून वाटीभर खायचा आणि तव्यावर उरला तर तुकडा तोंडात टाकायचा. दहा महिने हेच चाललं होतं, आणि नवऱ्याला ते कधी कळू दिलं नव्हतं.

हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. नवऱ्याला पोटभर घालून स्वतः कचरा खाणारी ही बाई त्या कचऱ्यामुळे वाचली होती.

म्हणजे विष भाकरीत होतं. "पीठ कुठलं?" मी विचारलं.

"गावाचा," ती चटकन म्हणाली, आणि नजर दोरीवरच्या कपड्यांकडे वळवली. मीही तिकडे पाहिलं. जयवंतचा सदरा वाळत होता. पुढचा भाग, पोटाशी, कडक झाला होता. कुणीतरी कांजी करावी तसा. पाठ मात्र मऊ.

"गरम पाण्यात धुतलो, तसो झालो," ती पुटपुटली.

साबणाची वडी घ्यायला पैसे नाहीत त्या घरात सदऱ्याला कांजी कोण करतं, आणि तीही फक्त पोटावर? मी मुद्दाम काही बोलले नाही. आधी मला आणखी एक विचारायचं होतं. उत्तमही इथेच जेवायचा ना?

"दसऱ्यापासून नाय," मंजुळा म्हणाली. "संपफोड्याच्या घरचो दाणो नको म्हणालो. तो आता शेजारी जेवता. कमलाबाईकडे."

कमलाबाई पलीकडच्याच खोलीत राहायची. साताऱ्याकडची विधवा, एकट्या गिरणीकामगारांना जेवण घालणारी; संपात बाकीचे गावी गेले, आता जेवायला उत्तम एकटाच होता. दोन्ही खोल्यांच्या मध्ये नुसत्या फळ्या होत्या. ती दारातच उभी होती, आणि आमचं बोलणं तिने ऐकलं असावं. तिने मला बाजूला ओढलं.

"बाई, तुमी शिकलेल्या हाईसा. पर सांगते," ती कुजबुजली. "आताच हवालदार सांगून गेला. उत्तमनं ज्या हातानं मारलं, त्यो हात काळा पडलाय. कोपरापातूर. जयवंतानं धरलाय त्यो हात."

४

कोठडीत उत्तम भिंतीकडे तोंड करून बसला होता. खानविलकर माझ्यासोबत होते; हवालदार मात्र दारातच थांबला, आत यायला तयार नव्हता.

"उजवा हात दाखव," मी म्हणाले.

त्याने हात पुढे केला. तळवा जांभळा-काळा होता, आणि तो काळिमा मनगटावरून वर चढत कोपराजवळ पोचला होता. काही क्षण मलाही त्या तळव्यावर दुसऱ्या कुणाची बोटं दिसली.

"त्याने धरलाय," उत्तम शांतपणे म्हणाला. "राहू दे. मी मारलंय त्याला. लहानपणापासून एका ताटात जेवलो आम्ही. आणि मी मारला."

"तोंड उघड."

हिरड्यांच्या कडा लाल होत्या. थुंकीत रक्त. मी त्याचा दंड पाहिला, तर तिथे हवालदाराने नुसतं धरून आणल्याच्या जागी चार निळे डाग. भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला. स्वतःचाही, की एक क्षण मी त्या भाकडकथेला बळी पडले.

"खानविलकर, हा हात भुताने धरलेला नाही. थप्पड मारताना तळव्यातल्या बारीक शिरा फुटल्या आणि आतल्या आत रक्त वाहतंय, दोन दिवस झाले, थांबत नाहीये. याचेही चौघं बेपत्ता आहेत. उद्या तुमचा एक पट्टा याच्या पाठीत बसला असता, तर परवा तुम्हीच आरोपी झाला असता."

खानविलकरांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच गाडी मागवली.

मी उत्तमजवळ बसले. "नीट आठव. दसऱ्यानंतर जयवंतच्या घरचं काही खाल्लंस? चहा, प्रसाद, काहीही?"

"पाणी पण नाही." त्याचा आवाज चढला. "कमलामावशीकडे जेवतो. पहिल्या रात्रीच मोठ्याने म्हणालो, मावशी, तुझ्या हाताला चव आहे, त्या गद्दाराच्या घरात असली भाकरी नशिबात नव्हती. फळीपलीकडे त्याला ऐकू जावं म्हणून म्हणालो. रोज म्हणायचो." तो थांबला. "मिलच्या दाण्याला शिवणार नाही अशी शपथ घेतलीय मी. संप मिटेपर्यंत. आणि हा भिंतीवरून उडी मारून आत जायचा!"

इस्पितळात त्याचं रक्त मी मुठीत धरलं. वीस मिनिटं झाली तरी ते धावतच होतं. महिनाभर एकमेकांचं पाणीही न प्यालेल्या दोन माणसांच्या नळ्या माझ्यासमोर होत्या, आणि दोन्ही रक्तांतून तेच चार नंबर नाहीसे झाले होते.

५

मी पुन्हा चाळीत गेले. या वेळी मंजुळाकडे नाही, थेट कमलाबाईकडे. तिच्या टोपलीत सकाळची एक भाकरी उरली होती. मी ती हातात घेतली. ज्वारीची म्हणावी तर फार पांढरी. दोन बोटांनी दुमडली तर ती वाकलीच नाही, कट्कन मोडली.

"कमलाबाई, उत्तमच्या पोटातही तेच गेलंय जे जयवंतच्या गेलं. तो इस्पितळात आहे. पीठ कुठून आलं ते आत्ता सांगितलं नाहीत तर मी तुम्हालाच धरून देईन."

तिने पदर तोंडाशी नेला. फळीपलीकडून मंजुळाचा आवाज आला, "सांग गे. आता काय लपवतंस."

"जयवंतच आणायचा," कमलाबाई म्हणाली. "गणपतीपासून. आदी सगळं मंजुळाकडं, उत्तम माज्याकडं जेवाया लागला तवापास्नं निम्मं माज्याकडं. ज्वारीत मिसळून थापायची. उत्तमला सांगू नकोस म्हणाला, त्याला कळलं तर त्यो उपाशी मरंल पर खायाचा न्हाई. पोरं-बायको गावाला, खिशात दमडी न्हाई, माज्याकडं जेवायचं पैसं कुटून देनार त्यो? माज्या घरात तरी कुटं दाना हुता? मी बी पाल्यावरच. मला शपथ घातली हुती, बाई. गद्दार म्हनून घेतलं त्यानं, पर बोलला न्हाई."

मला सदऱ्याचं कोडं सुटलं. जयवंत मिलच्या सायझिंग खात्यात होता. तिथे सुताला खळ देतात, म्हणजे ताण्याचे उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यावर पिठाची कांजी चढवतात. मक्याचं पांढरंशुभ्र पीठ, पोत्यांनी भरलेलं. बाहेरच्या माणसाला ते मिलचं रसायन वाटेल. त्या खात्यात राबलेल्यालाच ठाऊक, की ते खाता येतं. बंद मिलमध्ये ते पीठ पडून होतं आणि बाहेर माणसं उपाशी. जयवंत ते सदऱ्याच्या आत, पोटाशी बांधून भिंत उतरायचा. घामात भिजलेलं पीठ कापडात मुरायचं, आणि गरम पाण्यात धुतलं की कांजी व्हायची.

पण गणपतीपासून ते पीठ पोटात जात होतं आणि रक्त फुटलं दिवाळीनंतर. मग दिवाळीत काय झालं?

मिलच्या दारावरचा वॉचमन रामजी. जयवंतच्या गावचाच, साठीचा, मिश्या पिकलेल्या. मी त्याला दाराशीच विचारलं, "जयवंत आत यायचा ते तुम्हाला माहीत होतं ना?"

त्याने वळून मिलकडे पाहिलं. आतल्या अंगणात खिडक्यांच्या फुटक्या काचांतून वारा शीळ घालत होता. "बघून न बघितल्यासारखं केलं," तो शेवटी म्हणाला. "आमच्या गावचं पोर. उपाशी माणसानं चार मुठी पीठ नेलं तर मिलचं काय जातं?"

"आणि पोती कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं की. दसऱ्याला ऑफिसातला माणूस मोजायला आला. म्हणाला, रामजी, पोती उसवलेली कशी? मी म्हटलं, साहेब, उंदीर झालेत. माणसाचा संशय येऊ नये, म्हणून म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो, त्यात त्यांनी औषध घातलं. मला वाटलं कोपऱ्यात गोळ्या टाकल्या असतील."

"पिठातच कालवलं, रामजी. पोत्यांत. उंदीर पीठ खातात, असं तुम्हीच सांगितलं होतं."

रामजी दाराचा गज धरून हळूहळू खाली बसला. त्या माणसाला मी आणखी काही विचारू शकले नाही. जयवंतला वाचवायला तो जे बोलला, त्यानेच ते विष आत आलं होतं.

आणि मी सकाळपासून मारेकरी शोधत होते! वैर असलेला एक माणूस मला या साऱ्या प्रकरणात सापडला नाही. ऑफिसातल्या त्या माणसाने पोत्यावर एक चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती, त्याचा राग मला आजही येतो. पण त्याच्या हिशेबी आत उंदरांशिवाय कुणी नव्हतंच.

६

खानविलकरांनी पोती जप्त केली; पिठात उंदराचं औषध निघालं. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, की धट्ट्याकट्ट्या माणसाचा त्या थपडेने फार तर गाल लाल झाला असता. उत्तमवरचा खुनाचा गुन्हा मागे घेतला गेला.

उत्तमला ताजा द्रव चढवला, के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खाटेशी बसून त्याचं रक्त मुठीत धरलं. सहा मिनिटं. सात. नळी उलटी केली. थेंब हलला नाही. चौघं कामावर परतले होते.

"गोठलं," मी म्हणाले. "वाचलास."

त्याला आनंद झाला नाही. त्याला सगळं सांगून झालं होतं, पिठाचं, रामजीचं, सदऱ्याचं. तो आपल्या हाताकडे बघत होता. काळा रंग आता हिरवट-पिवळा होत चालला होता. काही दिवसांत डागही उरणार नव्हता, आणि मला वाटतं त्याला तेच नको होतं.

खाटेच्या पायथ्याशी कमलाबाई बसली होती. उत्तमने तिच्याकडे न बघताच विचारलं, "मावशी, मी रोज जेवताना बोलायचो. गद्दाराच्या घरात असली भाकरी नाही म्हणून. तो घरी असायचा?"

कमलाबाईने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं की काय, हे तिला मला विचारायचं होतं. मी मान खाली घातली.

"असायचा," ती म्हणाली. "फळीला टेकून बसायचा. मंजुळा चिडायची, जाऊन सांगते म्हनायची त्याला. तर त्यो हसायचा आन् म्हनायचा, जेवतोय न्हवं? मंग बोलू दे."

उत्तमने तो हात उशीखाली घातला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी नळी तशीच मुठीत धरून बसून राहिले.